प्राथमिक वर्गातले कलाप्रकल्प : शिक्षकांना वारंवार पडणारे प्रश्न

चित्रकलेचे वेगळे शिक्षक सगळ्याच शाळांना मिळत नाहीत. बऱ्याचदा वर्गशिक्षकच भाषा-गणित सांभाळून कलेचा तासही घेतात, आणि आदल्या रात्री ‘उद्या काय करून घेऊ?’ म्हणून शोधत बसतात. खालचे बहुतेक प्रश्न अशा शिक्षकांचे आहेत, थोडे पालकांचे. उत्तरं सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचा भरलेला वर्ग गृहीत धरून दिली आहेत.

वर्गात मुलांनी बनवलेली कुठलीही वस्तू ‘कलाप्रकल्प’ ठरते का?

नाही. बाईंनी आदल्या दिवशी कान, डोळे, शेपटी कापून ठेवली, मुलांनी ती सांगितल्या जागी चिकटवली आणि चाळीस सारखे ससे तयार झाले, तर ते चिकटकाम झालं. त्यातही वाईट काही नाही. बोटांना सवय होते, सूचना ऐकायला मूल शिकतं. फक्त त्याला सर्जनशील म्हणू नये.

ओळखायचं कसं? सगळी कामं ओळीने मांडा, नावं झाका आणि मुलांनाच विचारा, यातलं कोणतं कोणाचं? मुलांना ओळखता आलं, तर प्रत्येकाने काहीतरी आपलं आपण ठरवलेलं आहे. नाही ओळखता आलं, तर ठरवणाऱ्या तुम्ही होतात. म्हणून प्रकल्प निवडताना मी एकच प्रश्न विचारते : यात मूल नेमकं काय ठरवणार आहे? रंग, आकार, मांडणी, गोष्ट, काहीही चालेल. पण दोन-तीन निर्णय तरी त्याच्या हातात हवेत.

मग ‘मनाला येईल ते काढा’ म्हटलं की झालं ना?

ते तर आणखी अवघड. असं म्हटलं की अर्धा वर्ग पेन्सिल चावत बसतो आणि उरलेला अर्धा दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, एक घर आणि त्याच्या दारातून निघालेली नदी काढून मोकळा होतो. मुलांकडे कल्पना नसतात असं नाही; समोर अख्खा कोरा कागद असला की जे हमखास जमतं तेच हात काढतो.

छोटीशी अट घातली की हा रस्ता बंद होतो. ‘प्राणी काढा, पण तो कागदाच्या चारही कडांना कुठे ना कुठे टेकला पाहिजे.’ एवढ्या एका वाक्याने कोपऱ्यात इवलीशी चित्रं काढणारी मुलं कागदभर पसरतात. हत्तीची सोंड वळवावी लागते, जिराफाला मान वाकवावी लागते. ‘कात्री न वापरता नुसतं फाडून करा’, ‘दोनच रंग घ्या, पण त्यातून किमान सहा छटा काढा’, ‘तुमची खोली छताला चिकटलेल्या पालीला कशी दिसेल?’ अशा अटी घालता येतात. अट एकच असावी. तीन अटी एकदम घातल्या की पुन्हा सूचनांचं पालन सुरू होतं.

मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी काय शिकवणार?

प्राथमिक वर्गात शिक्षकाला सुबक चित्र येण्यापेक्षा साहित्य कसं वागतं हे ठाऊक असणं जास्त कामाचं आहे. मुलांना द्यायचा तोच ब्रश, तोच कागद, तेच रंग घेऊन आदल्या दिवशी एकदा करून पाहा. डिंक किती वेळात धरतो, कागद पाण्याने वळतो का, कात्रीला पुठ्ठा झेपतो का, हे तेव्हाच कळतं.

वर्गात दाखवताना कृती दाखवावी, पूर्ण नमुना दाखवू नये. ब्रश किती ओला ठेवायचा, कागद कसा वळवून कापायचा, हे चिठोऱ्यावर करून दाखवा आणि तो चिठोरा बाजूला ठेवून द्या. पूर्ण झालेलं चित्र फळ्यावर टांगलं की वर्ग त्याच्या प्रती काढतो. ज्यांना चित्र उत्तम येतं अशा शिक्षकांच्या वर्गात हे जास्तच होतं, त्यामुळे तुमचं न येणं इथे थोडं पथ्यावरच पडेल.

कोणत्या वयाला काय झेपतं?

पुढचं सगळं नियोजन यावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुलांची चित्रं वयानुसार कशी बदलतात याचे टप्पे ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडले. वयाच्या सीमारेषा काटेकोर नाहीत, पण वर्गात उभं राहिलं की टप्पे ओळखू येतात. सहा-सात वर्षांच्या आसपास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते. माणसं, झाडं, घरं सगळी त्या रेघेवर ओळीने उभी. वर आभाळाचा निळा पट्टा आणि मधे कोरी जागा. ‘आभाळ खालपर्यंत येतं ना?’ म्हणून तिथे दुरुस्ती करायला जाऊ नका. मुलाच्या लेखी आभाळ वर असतं, जमीन खाली असते आणि मधे आपण असतो. त्याचं चित्र या हिशेबाला धरूनच आहे.

याच वयात घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, आईच्या पोटातलं बाळ दिसतं, टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरतात. जे महत्त्वाचं ते मोठं : चेंडू झेलणाऱ्या मुलाचा हात पायापेक्षा लांब. मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. या मुलांना गोष्ट असलेले विषय, मोठे कागद, जाड ब्रश आणि मातीचा गोळा द्यावा. छायाप्रकाश आणि यथार्थदर्शनाचे (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवण्याचे) धडे इथे फुकट जातात.

नऊ-दहाव्या वर्षी मामला बदलतो. आता मुलाला स्वतःचं चित्र आणि खरी वस्तू यांतला फरक दिसू लागतो आणि कालपर्यंत भराभर काढणारी मुलगी खोडरबरानं कागद फाडू लागते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य साधारण याच सुमारास ऐकू येतं आणि पुष्कळांच्या तोंडी ते जन्मभर राहतं. चौथी-पाचवीच्या वर्गात म्हणूनच ‘हुबेहूब’ या मोजपट्टीवर न तोलली जाणारी कामं आवर्जून घ्यावीत. ठसेकाम, कोलाज, तारेची शिल्पं, पुठ्ठ्याची रचना, सावल्यांचे खेळ अशी कितीतरी आहेत. त्याच्या जोडीला निरीक्षणाचं रेखाटनही सुरू करा, कारण ही मुलं ते खरोखर शिकायला मागत असतात. एकच पान, दहा मिनिटं, कागदावर फारसं न पाहता फक्त पानाच्या कडेवरून नजर फिरवत रेघ ओढायची. निघतं ते वेडंवाकडं, पण सगळ्यांचंच वेडंवाकडं निघतं, त्यामुळे कोणी लाजत नाही. आणि पान खरंच नीट पाहिलं जातं.

तास जेमतेम चाळीस मिनिटांचा. त्यात काय होणार?

मांडामांड आणि आवराआवर वजा जाता पंचवीसच उरतात. त्यामुळे एका तासात ‘पूर्ण चित्र’ हा हट्ट सोडा आणि एक प्रकल्प तीन तासांवर पसरा. पहिल्या तासाला साहित्याशी नुसतं खेळणं, दुसऱ्याला रचना, तिसऱ्याला शेवटचा हात आणि एकमेकांची कामं पाहणं. मधल्या दिवसांत रंग वाळतो, खळ सुकते आणि मुलांच्या डोक्यातही काहीबाही शिजतं. सगळ्यांना एकदम रंग देण्याऐवजी प्रत्येक गटात एक साहित्यप्रमुख नेमला की पाच मिनिटं वाचतात.

कोणते रंग आणि कोणता कागद घ्यावा?

मेणखडू स्वस्त आणि टिकाऊ, पण फिके उठतात. तेलखडू मऊ असतात, दाट उठतात आणि बोटाने एकमेकांत मिसळतात. लहान हातांना कमी जोरात भरगच्च रंग मिळतो, म्हणून पहिली-दुसरीला तेच बरे. ओल्या कामासाठी पाण्यात विरघळणारे पोस्टर रंग सगळ्यात सोयीचे. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात मिसळलेलं प्लास्टिकच. एकदा वाळला की कपड्यावरून निघत नाही आणि ब्रश तसाच राहिला तर ब्रशही गेला. लहान वर्गांत तो नकोच.

कागदाची जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. छपाईचा साधा कागद ७०-८० ग्रॅमचा असतो. त्यावर खडू चालतात, पाणी पडलं की तो सुरकुततो. पोस्टर रंगांसाठी १५० च्या आसपासचा आणि भरपूर पाण्याच्या कामासाठी २०० च्या वरचा कागद लागतो. चांगला कागद कमी असेल तर तो लहान आकारात कापून द्या. पातळ कागदावर जलरंग देऊन ‘नीट कर’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे.

मुलांचे रंग दर वेळी चिखल होतात. का?

लाल, पिवळा, निळा हे तिन्ही एकमेकांत गेले की तपकिरी-करडाच होणार, त्याला इलाज नाही. म्हणून एका तासाला मूळ रंगांपैकी दोनच द्यावेत, सोबत पांढरा. पिवळा आणि निळा दिला की वर्गभर हिरव्याच्या इतक्या छटा निघतात की मुलं त्यांना नावं देत सुटतात. मिसळताना फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घालायचा. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलं, तर पिवळ्याची बाटली संपते आणि निळा हलत नाही.

जांभळ्याची तक्रार तर नेहमीची. पेटीतला लाल बहुधा केशरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात पिवळा आधीच लपलेला असतो. तो निळ्यात घातला की मळकट विटकरी रंग येतो. त्याजागी गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या, जांभळा स्वच्छ निघेल.

प्रत्येक गटाला पाण्याची दोन भांडी द्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. शेजारी एक फडकं ठेवा. चिखलाची निम्मी कारणं एकाच भांड्यातल्या गढूळ पाण्यात असतात.

हमखास जमणारा आणि तरीही प्रत्येकाचा वेगळा निघणारा एखादा प्रकल्प?

रंगवलेल्या कागदांचं कोलाज. पहिल्या तासाला चित्र काढायचंच नाही. कागदावर नुसते रंग लावायचे आणि ओल्या रंगात जुना कंगवा ओढायचा, स्पंज टेकवायचा, पुठ्ठ्याची कड फिरवायची. वाळलेले कागद सगळ्या वर्गाचे मिळून एका खोक्यात. दुसऱ्या तासाला त्यातले हवे ते निवडून कापायचं, फाडायचं आणि चिकटवण्याआधी निदान तीन वेगवेगळ्या मांडण्या करून पाहायच्या. डिंक तोवर तुमच्याकडेच ठेवा. एकदा डिंक हातात आला की पहिली मांडणी हीच शेवटची होते.

मुलांना सांगायला याची एक खरी गोष्टही आहे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांची १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना फार वेळ उभं राहून रंगवणं जमेना. मग मदतनीस कागद रंगवून देत आणि मातीस खुर्चीत किंवा पलंगावर बसून मोठ्या कात्रीने थेट आकार कापत, आधी पेन्सिलीने न आखता. कापलेले आकार भिंतीवर टाचण्यांनी लावून पुन्हा पुन्हा हलवत. ‘आधी न आखता कापा’ ही अट मुलांना यातून आपोआप पटते.

आणि हवेत टांगायचं काही?

झुलतं शिल्प. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी हलणारी शिल्पं केली आणि त्यांना ‘मोबाइल’ हे नाव १९३१ मध्ये फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी दिलं. हातातल्या फोनच्या कितीतरी आधी हा शब्द कलेत होता, हे ऐकून मुलं चाट पडतात.

करताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवात खालून करायची. वीतभर काडी घ्या, दोन टोकांना दोऱ्याने एकेक कागदी आकार लटकवा. आता काडीच्या मध्यावर दोऱ्याची सैल गाठ मारून वर उचला. काडी कलंडते. मुलं लगेच हलका आकार मोठा करायला धावतात. त्यांना थांबवा आणि गाठ सरकवून पाहायला सांगा. जड बाजूकडे दोनेक बोटं सरकली की काडी हळूच आडवी होते, आणि त्या क्षणी वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्यावा. जागा सापडली की गाठीवर डिंकाचा थेंब. ही सगळी जोडणी आता वरच्या, जरा लांब काडीच्या एका टोकाला बांधायची, दुसऱ्या टोकाला नवा आकार, पुन्हा गाठ सरकवायची. वरून सुरुवात केली तर खाली काही जोडलं की वरचा तोल बिघडतो आणि मुलं रडकुंडीला येतात.

जोडीने करू द्या : एक धरेल, एक सरकवेल. तिसरी-चौथीला तीन काड्या पुरेत. वजन आणि अंतराचा नियम तोंडाने सांगायची गरज नाही, बोटांना तो कळलेला असतो. पुढे विज्ञानात तरफ आली की आठवण करून द्या.

साहित्यासाठी पैसेच नाहीत. काय करता येईल?

वर्तमानपत्र, खोक्यांचे पुठ्ठे, चिंध्या, सुतळी, गळलेली पानं, खडे आणि उन्हाचा कवडसा एवढ्यावर वर्षभर चालतं. पानाच्या मागच्या, शिरा वर आलेल्या बाजूला रंग लावून ठसा घ्या. गडद रंगीत कागदावर पानं, चाव्या, कात्री ठेवून काही दिवस कडक उन्हात राहू द्या. उघडा कागद विटतो, झाकलेला भाग गडद राहतो. ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १८४३ पासून शेवाळांचे निळे ठसे घेतले तेही उन्हाच्याच जोरावर, फक्त त्यांच्या कागदावर रसायनांचा थर असे.

खळ वर्गासाठी घरीच करता येते. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एकूण चारेक वाट्या पाणी होईपर्यंत वाढवा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती चकचकीत, किंचित पारदर्शक झाली की उतरवा. दोन दिवसांत संपवावी, नाहीतर आंबते. वर्गात कोणाला गव्हाची ॲलर्जी असेल तर मात्र खळ बाद.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक वेळा बाटलीला चकाकता कागद गुंडाळून पेनं ठेवायचं भांडं होतं. त्यात पेनं कोणी ठेवत नाही आणि मूळ बाटली पुन्हा वापरता येईल अशीही राहत नाही. त्यापेक्षा झाकणं, खोकी, नळ्या आकारांप्रमाणे वेगळ्या करून खोक्यांत भरून ठेवा आणि मुलांना जमिनीवर मोठ्या रचना करू द्या. फोटो काढा, रचना मोडा, सामान परत खोक्यात. चिकटवायचं काहीच नाही.

मातकाम घ्यायची भीती वाटते.

पसारा होतो, खरंय. पण कागदावर अडणारी कित्येक मुलं मातीत मोकळी होतात. तीन गोष्टी सांभाळा. भिंती बोटाएवढ्याच जाड ठेवा. जाड गोळा बाहेरून आधी सुकतो, आकसतो आणि तडकतो. हात-पाय-कान नुसते दाबून चिकटवले तर वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजूंना खिळ्याने किंवा काडीने रेघोट्या ओढून त्यावर पातळ मातीचा लेप द्यायचा आणि मग जोडायचं. तिसरं म्हणजे सुकवण्याची घाई नको, ओलसर फडक्याखाली सावकाश सुकू द्यावं.

भट्टी नसली तरी चालतं. न भाजलेली वस्तू मोडून भिजवली की पुन्हा माती तयार. तास संपल्यावर सुकी माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसांना चांगली नाही.

मोठ्या चित्रकारांची चित्रं बघून काढून घ्यावीत का?

बघून काढण्यापेक्षा त्यांच्या मनात काय प्रश्न होता तो उचलावा. वासिली कांदिन्स्कींचं १९१३ मधलं चौकोनांतल्या एकात एक वर्तुळांचं चित्र शाळाशाळांतून इतकं गिरवलं जातं की त्याचा आता साचाच झाला आहे. खरं तर तो त्यांचा रंगांचा अभ्यास होता : कोणता रंग कोणाशेजारी ठेवला की कसा दिसतो? तोच प्रश्न मुलांना द्या, वर्तुळं देऊ नका. एकच लाल चौकोन हिरव्यावर, काळ्यावर आणि केशरीवर चिकटवून विचारा, कुठला जास्त लाल वाटतो?

जॉर्ज सरा यांनी रंगांचे ठिपके शेजारी शेजारी देऊन नदीकाठच्या सुट्टीचं प्रचंड चित्र रंगवलं, त्याला १८८४ ते १८८६ अशी दोनेक वर्षं लागली. मुलांना ठिपक्यांचं काम द्यायचं तर तळहाताएवढा कागद द्या. पूर्ण पानावर ठिपके द्यायला सांगणं ही शिक्षाच.

एखादं मूल ‘मला येत नाही’ म्हणून हात बांधून बसतं.

‘येतं रे, किती सोपं आहे!’ म्हणू नका. सोपं असूनही जमत नाही म्हटल्यावर ते आणखी खट्टू होतं. काम लहान करून द्या. ‘घोडा राहू दे. आधी नुसती त्याची मान कशी वळते ते बोटाने हवेत दाखव.’ किंवा कागदावर दोन-तीन रेघा त्यालाच डोळे मिटून ओढू द्या आणि त्यातून काय दिसतं ते विचारा. कोरा कागद एकदा मोडला की पुढचं आपसूक होतं.

मुलाच्या चित्रावर मी हात फिरवला तर?

फिरवू नका. अगदी त्याने मागितलं तरी वेगळ्या कागदावर दाखवा. शिक्षकाची एक सफाईदार रेघ पडली की उरलेलं चित्र मुलाला स्वतःचं वाटेनासं होतं.

काही मुलं चांगलं झालेलं चित्र शेवटी काळ्या रंगाने भरून टाकतात. काळजी करावी का?

बहुतेक वेळा नाही. काळा रंग सगळ्यांवर मात करतो, याची गंमत असते. कधी गोष्टीत रात्र झालेली असते. कधी थांबायचं कुठे हे कळत नाही. एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करायला जाऊ नये. मुलाच्या वागण्या-बोलण्यातही बदल दिसत असेल तर पालकांशी आणि समुपदेशकाशी बोला. थांबणं शिकवायला मात्र एक साधा उपाय आहे : ‘झालं’ म्हणण्याआधी चित्र भिंतीला टेकवून पाच पावलं मागे जाऊन बघायचं.

शेजाऱ्याचं बघून काढतात.

काढू द्या. नक्कल ही शिकण्याची फार जुनी रीत आहे. फक्त पुढचा प्रश्न विचारा : ‘तिच्याकडून काय घेतलंस, आणि तू त्यात काय बदललंस?’

डावखुरी किंवा वेगळ्या गरजांची मुलं असतील तर?

डावखुऱ्या मुलाला साध्या कात्रीने नीट कापता येत नाही, हा त्याचा वेंधळेपणा नसतो. साध्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हातात कापायची रेघच झाकतं आणि बोटांचा दाब पाती जवळ आणण्याऐवजी दूर ढकलतो. डावखुऱ्यांसाठी उलट्या पात्यांच्या कात्र्या मिळतात, वर्गात दोन-तीन असाव्यात.

रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं आणि लाल-हिरव्याची गफलत हा त्याचा नेहमीचा प्रकार. ‘झाडाला तपकिरी पानं का?’ म्हणून हसण्याआधी ही शक्यता लक्षात घ्या आणि रंगांच्या बाटल्यांवर नावं लिहा. ओला, चिकट स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांना बोटांऐवजी ब्रश, रोलर किंवा पिशवीत बंद केलेला रंग द्या. बारीक पकड जमत नसेल तर ब्रशच्या दांड्याला स्पंज किंवा फडकं गुंडाळून जाड मूठ करता येते.

सुरक्षिततेचं काय?

पाण्याने धुतले जाणारे, बिनविषारी असं स्पष्ट लिहिलेले रंग घ्या. उग्र वासाची मार्कर पेनं, फवारायचे डिंक, रंगाची सुकी भुकटी लहान वर्गांत नको. गरम डिंकाची बंदूक आणि पातं फक्त मोठ्यांच्या हातात. मण्यांसारख्या बारीक वस्तू पहिलीच्या वर्गात मोजून द्या, मोजून परत घ्या.

गुण कसे द्यायचे? द्यावे लागतातच.

सुबकपणाला गुण देऊ नका, नाहीतर दर वर्षी त्याच चार मुलांना मिळतील. किती पर्याय करून पाहिले, अडल्यावर काय केलं, साहित्य कसं हाताळलं आणि आपल्या कामाबद्दल दोन वाक्यं काय सांगता आली, एवढं पाहा. कच्ची कामं आणि फसलेले प्रयत्न वहीत चिकटवून ठेवायला सांगितले की पुरावाही राहतो. शेरा मारताना ‘छान’ टाळून दिसलेली गोष्ट लिहा : ‘पावसाच्या रेघा तिरप्या काढल्यास, त्यामुळे वारा दिसला.’

गणित-विज्ञानाशी कलेचा तास जोडावा का?

जिथे खरंच जोड आहे तिथे जरूर. सममितीसाठी घडी घालून कातरकाम, छापताना अक्षरं उलटी का उमटतात, मेणखडूवर पाणी का टिकत नाही, ओल्या जलरंगावर मीठ टाकल्यावर चांदण्या का उमटतात (रंगाची चमक असेपर्यंतच टाकायचं, मीठ पाणी ओढून घेतं). पण पचनसंस्थेचं चित्र रंगवून घेणं म्हणजे विज्ञानाचाच तास झाला. कलेचा तास त्यात खर्ची घालू नका.

घरी दिलेला प्रकल्प पालकच करून देतात.

मग घरी देऊच नका. द्यायचाच तर पालकांना करता येणार नाही असा द्या : रोज संध्याकाळी खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाचा एक रंगीत पट्टा, सात दिवस. पालकांना एवढंच सांगा की ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘याबद्दल मला सांग’ म्हणा.

भिंतीवर कोणाची चित्रं लावायची?

सगळ्यांची, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. जागा कमी असेल तर आळीपाळीने, आणि कोणतं लावायचं ते मूल निवडेल. शेजारी मुलाच्या शब्दांत एक ओळ हवी. महिन्याभरापेक्षा जास्त काळ तीच चित्रं ठेवू नका, नंतर त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

वर्षाअखेरीला ढीग साचतो, त्याचं काय करायचं?

प्रत्येक मुलाला आपली तीन कामं निवडू द्या : एक सगळ्यात आवडलेलं, एक सगळ्यात जड गेलेलं, एक अर्धवट राहिलेलं. ती घरी. मोठ्या रचनांचे आणि मातकामाचे फोटो. उरलेले रंगीत कागद, मुलांना विचारून, पुढच्या वर्गाच्या कोलाजच्या खोक्यात टाका. हे सगळं सोपं जावं म्हणून नाव आणि तारीख काम सुरू करण्याआधीच कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्या. ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते आणि मग चाळीस बेवारस चित्रं तुमच्या टेबलावर येऊन पडतात.